तमसा आणि सीता : छायांकातील उपचारसंबंध

मानसोपचारक आणि रुग्ण यांच्या संबंधावर उभी राहणारी कादंबरी एका मूलभूत अडचणीतून सहसा सुटत नाही. या संबंधात बोलतो रुग्ण. परंतु त्या बोलण्याचा अर्थ ठरविण्याचा अधिकार उपचारकाकडे असतो. फ्रॉइडने १९०५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘डोरा’च्या वृत्तांतात ही अडचण स्पष्टपणे उघडी पडली आहे. अठरा वर्षांची ती मुलगी सुमारे अकरा आठवड्यांनंतर उपचार सोडून निघून गेली. तिची कहाणी मात्र उपचारकाच्या हाती राहिली, आणि तिच्या निघून जाण्याचाही अर्थ त्यानेच लावला. पुढील काळात या विषयाकडे वळलेल्या लेखकांना निवेदनाच्या सत्तेचा हा प्रश्न टाळता आलेला नाही.

जोॲन ग्रीनबर्ग यांची ‘आय नेव्हर प्रॉमिस्ड यू अ रोझ गार्डन’ ही १९६४ मधील कादंबरी या दृष्टीने महत्त्वाची आहे, कारण तिची लेखिका स्वतः रुग्ण होती. कादंबरी प्रथम हॅना ग्रीन या टोपणनावाने आली. तिच्यातील डॉ. फ्रीड हे पात्र मेरीलँडमधील चेस्टनट लॉज या रुग्णालयात काम करणाऱ्या फ्रीडा फ्रॉम-राइशमन (१८८९–१९५७) यांच्यावरून घडविलेले आहे. सोळा वर्षांची डेबोरा ‘इर’ नावाच्या स्वनिर्मित राज्यात राहते. त्या राज्याला देव आहेत, भाषा आहे, कायदा आहे. डॉ. फ्रीड काही काळ परदेशी जातात, तेव्हा त्यांच्या जागी आलेला डॉक्टर इरची भाषा डेबोराला ठाऊक असलेल्या भाषांतूनच कशी बनली आहे, हे तर्काने सिद्ध करू लागतो. त्याचे म्हणणे खोटे नाही. तरीही डेबोराची प्रकृती ढासळते आणि ती स्वतःला भाजून घेऊ लागते. अचूक ज्ञान संबंधाबाहेरून आले की ते इजा करते, हा या कादंबरीचा गाभ्यातील अनुभव आहे.

मात्र तिचे शीर्षक ज्या प्रसंगातून येते, तो अधिक अवघड आहे. एका असहाय रुग्णाला परिचारक मारतो हे डेबोरा पाहते, तक्रार करते. निष्पन्न काहीच होत नाही. त्यावर डॉ. फ्रीड तिला सांगतात की, पूर्ण न्यायाचे आश्वासन आपण कधी दिलेच नव्हते. हे उत्तर प्रामाणिक आहे. लहानपणी शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टरांनीच जिच्याशी खोटे बोलले, तिला असा प्रामाणिकपणा हवाच होता. पण मारणारा हात जिथल्या तिथे राहतो. अन्याय झालेल्या माणसाला बरे करणे आणि त्याला न्याय देणे, या दोहोंचा परस्परसंबंध काय, हा प्रश्न कादंबरी उभा करते आणि तेथेच सोडून देते.

नेमका हाच प्रश्न आठव्या शतकातील एका विदर्भीय नाटककाराने एक संपूर्ण अंक खर्चून हाताळला आहे. भवभूती ‘महावीरचरिता’च्या प्रस्तावनेत आपल्या घराण्याचे गाव म्हणून दक्षिणापथातील पद्मपुराचा उल्लेख करतो. म. म. वा. वि. मिराशी यांनी ते आमगावजवळचे पद्मपूर म्हणून निश्चित केले. तेव्हा ते भंडारा जिल्ह्यात होते; १ मे १९९९ रोजी जिल्ह्याचे विभाजन झाल्यापासून ते गोंदिया जिल्ह्यात आहे. स्थाननिश्चितीचा वाद येथे वाढविण्याचे कारण नाही. भवभूतीला ‘आपला’ म्हणणाऱ्या प्रदेशातही ‘उत्तररामचरित’ हे प्रायः करुणरसाचे उदाहरण म्हणूनच शिकविले जाते आणि त्यातील उपचाराच्या रचनेकडे दुर्लक्ष होते, एवढे मात्र नोंदवावयास हवे.

तिसऱ्या अंकाची, म्हणजे छायांकाची, मांडणीच उपचाराच्या भाषेत झाली आहे. आरंभी मुरला आणि तमसा या दोन नद्या भेटतात. बारा वर्षांनंतर राम पंचवटीत येत आहे. जुन्या खुणा पाहून तो मूर्च्छित होईल, त्याला सांभाळा, असा लोपामुद्रेचा निरोप मुरला गोदावरीकडे नेत आहे. तोंड लिंपलेल्या पात्रात औषध आतल्या आत शिजावे, तसा रामाचा शोक असल्याचे ती सांगते. हा पुटपाक वैद्यकातला आहे, हे ध्यानात घ्यावे. पुढे तमसा शोकाचे वर्णन तुडुंब भरलेल्या तळ्याच्या रूपकाने करते : पाण्याला वाट काढून दिली नाही, तर बांध फुटणार. दोन्ही प्रतिमांत दाब आहे आणि वाट देण्याची गरज आहे.

या दोन प्रतिमांमुळेच परंपरागत वाचनाने रामाला रुग्ण मानले, सीतेला औषध. तसे मानले की वासंती ही उपचारक ठरते. ती रामाला सीतेने वाढविलेला हत्ती आणि मोर दाखविते, आठवणी जागवते आणि मग थेट विचारते की, तू हे केलेस कसे? लोकांना सहन झाले नाही, हे रामाचे उत्तर ती स्वीकारत नाही. ज्या कीर्तीसाठी हे केले, तिला याहून मोठा कलंक कोणता, असे सुनावते. वासंतीच्या बोलण्यात सत्य आहे, परंतु तिला समोरच्याचा तोल राखता येत नाही. राम कोसळतो. अदृश्य सीताच तिला कठोर म्हणते. डेबोराच्या बदली डॉक्टराची येथे आठवण होते. फरक इतकाच की, वासंतीच्या सत्यामागे मैत्रिणीचा संताप आहे, त्याच्यामागे नुसती हुशारी होती.

परंतु या अंकाची रंगभूमी नीट पाहिली तर खरा उपचारसंबंध दुसरीकडेच, तमसा आणि सीता यांच्यात घडताना दिसतो. भागीरथीच्या वराने सीता कोणालाही, वनदेवतांनाही, दिसत नाही. तमसा तेवढी तिच्यासोबत आहे. जिच्यावर अन्याय झाला, तिला तो करणाऱ्याचे बोलणे सुरक्षित अंतरावरून ऐकता येते, आणि त्या वेळी एक ऐकणारी तिच्याजवळ असते. ही अदृश्यता चमत्कार म्हणून सोडून देण्यासारखी नाही. राम शुद्धीवर येताच सीतेला भीती वाटते की, परवानगीवाचून जवळ आल्याबद्दल तो रागावेल. बारा वर्षांनंतरही ती परवानगीचा विचार करते! तमसा तिला उपदेश करीत नाही. तू दिसत नाहीस, एवढीच आठवण देते.

तत्पूर्वीचा क्षण अधिक बोलका आहे. राम मूर्च्छित होतो आणि सीता तमसेच्या पाया पडून त्याला वाचविण्याची याचना करते. तमसा स्वतः काही करीत नाही. ते सामर्थ्य तुझ्याच हातात आहे, असे सांगून ती याचना परत सीतेकडे वळविते. येथे आक्षेप संभवतो, आणि तो टाळता येणार नाही : जिला टाकले, तिलाच टाकणाऱ्याच्या शुश्रूषेला लावणारी ही रचना पुरुषाच्या सोयीची नाही काय? अंशतः आहेच. तमसेच्या मुखी रामासाठी येणारे ‘जगत्पती’ हे संबोधन त्या सोयीची साक्ष देते. तथापि भवभूती सीतेचा राग झाकत नाही. रामाच्या तोंडची प्रीतीची भाषा ऐकून, घडलेल्या गोष्टीशी हे जुळत नाही, असे ती म्हणतेच. त्या वेळच्या तिच्या मनाचे तमसा जे वर्णन करते, ते संस्कृत नाट्यवाङ्मयात विरळा आहे. नैराश्याने तटस्थ, अपराधाने कलुषित, अकस्मात भेटीने स्तब्ध, सौजन्याने प्रसन्न, त्याच्या दुःखाने विरघळलेले : हे सारे एकाच मनात, एकाच क्षणी. यातल्या कोणत्याही एका भावनेला तमसा खरी ठरवीत नाही, दुसरीला खोटी पाडत नाही. रामाला स्पर्श करून सीता थरथरते, तेव्हा तिला लाज वाटते ती तमसेची : असा त्याग आणि तरी अशी आसक्ती, ही काय म्हणेल? उपचारकासमोर वाटणारी लाज आधुनिक कादंबऱ्यांत वारंवार येते. इतक्या कमी शब्दांत क्वचितच येते. तमसा केवळ स्मित करते आणि तिला पावसावाऱ्याने हललेल्या कदंबाच्या फांदीची उपमा देते.

ऐकणारी म्हणून भवभूतीने तमसाच का निवडली, याचा विचार झाला पाहिजे. क्रौंचवध पाहून वाल्मीकीचा शोक श्लोक झाला तो याच नदीच्या तीरावर. दुसऱ्याच्या दुःखाला वाणी मिळताना तिने एकदा पाहिले आहे. करुण हा एकच रस भोवरे, बुडबुडे, लाटा अशी रूपे घेतो, हे अंकाच्या शेवटी येणारे तिचे विधान रससिद्धान्त म्हणून फार चर्चिले गेले. परंतु ते एक नदी बोलते आहे, आणि दिवसभर एका स्त्रीचे मन पाहून बोलते आहे, हा संदर्भ त्या चर्चेत हरवतो.

अश्वमेधासाठी रामाने सहधर्मचारिणी म्हणून सीतेचीच सुवर्णप्रतिमा ठेवली आहे, हे ऐकल्यावर परित्यागाच्या लज्जेचे शल्य उपटले गेले, असे सीता म्हणते. उपचारकथा येथे संपविता आली असती. भवभूती ती संपवीत नाही, आणि येथे तो ग्रीनबर्गच्या पुढे जातो. शल्य निघाले तरी ज्या लोकांच्या बोलण्यावरून त्याग झाला, त्यांच्या लेखी काहीच बदललेले नाही. सातव्या अंकात वाल्मीकीचे नाटक गंगातीरी सर्व प्रजेसमोर होते. राम पुन्हा मूर्च्छित होतो, सीता पुन्हा स्पर्श करते. पण आता अरुंधतीच्या आज्ञेने आणि सर्वांच्या देखत. अरुंधती त्यानंतर पौरजनांना जाब विचारते. तिसऱ्या अंकातल्या खाजगी स्पर्शाला येथे साक्षीदार मिळतात. रामाला मात्र असा जाब भर सभेत कोणी विचारीत नाही. तो वासंतीने वनातच विचारला होता, आणि ही उणीव नाटकाच्या सुखान्ताला शेवटपर्यंत चिकटून राहते.

सुवर्णप्रतिमेच्या जागी आता प्रत्यक्ष सीतेला घे, असे अरुंधती रामाला सांगते. त्यावर सीतेचे एक स्वगत आहे : आर्यपुत्राला सीतेचे दुःख पुसता येते. टीकाकारांनी ते विश्वासाचे विधान म्हणून वाचले आहे. संहितेत ते शंकेनेही उच्चारता येईल, इतके मोकळे आहे. तमसा या अंकात नाही, त्यामुळे ते ऐकून सीतेच्या मनात काय काय आहे हे सांगणारेही कोणी नाही.