फोटोतला ‘हा’ आणि आठवणीतला ‘तो’

मागच्या दोन व्याख्यानांत आपण न्यायशास्त्रातली प्रमाणं पाहिली. आजचा विषय जरा वेगळा वाटेल, पण फार लांबचा नाही. गेल्या हिवाळ्यात आम्ही इथे भंडाऱ्यात एक प्रदर्शन पाहिलं. जिल्ह्यातले जुने फोटो, जुने कागद, घरातल्या जुन्या वस्तू. त्याविषयी बोलायचं आहे. संयोजकांचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण तक्रार त्यांच्यापुरती नाही. अशी प्रदर्शनं हल्ली नागपूर-पुण्यापासून गोव्यापर्यंत सगळीकडे भरतात आणि त्यांतली उणीव बहुधा एकच असते.

आधी चांगलं ते सांगतो. फोटो सत्तर-ऐंशी होते आणि निवड मेहनतीची होती. वैनगंगेचा घाट, धानाची रोवणी, तुमसरकडची मँगनीजची खाण, हातमागावर बसलेला कोष्टी, दिवाळीनंतरची मंडई, बिड्या वळणाऱ्या बाया, शाळांचे ग्रुप फोटो, लग्नं. एका लांब टेबलावर वस्तू मांडल्या होत्या. पितळेचे गुंड आणि पराती, पायली-कुडव, अडकित्ते, रेशनकार्डं, शाळा सोडल्याचे दाखले. गर्दी चांगली होती. राजे-महाराजांचे किंवा इंग्रज साहेबांचे फोटो सोडून कुणीतरी साध्या माणसांकडे वळलं, याचा आम्हाला आनंदच झाला.

मग आम्ही फोटोंखालच्या चिठ्ठ्या वाचू लागलो. ‘धान रोवणी.’ ‘बिडी वळणाऱ्या स्त्रिया.’ ‘आदिवासी स्त्री.’ ‘जुन्या काळातील विवाह.’ पुढे एक फोटो कुठल्याशा उद्घाटनाचा होता. त्याखाली पाच ओळी होत्या. डावीकडून पहिले कोण, दुसरे कोण, कोण कधी आमदार होते, कोणाला कोणती पदवी होती. मागे उभा असलेला हार घेतलेला चपराशी मात्र त्या पाच ओळींत नव्हता. म्हणजे खुर्चीवर बसलेल्याला नाव, उभ्या असलेल्याला काम, आणि शेतात वाकलेल्याला फक्त ऋतू!

बिड्यांच्या फोटोपाशी एक म्हातारी बाई बराच वेळ उभी होती. मांडीवर सूप, सुपात तेंदूपत्ता आणि तंबाखू, अशा पाच-सहा बाया त्या फोटोत होत्या. म्हातारीनं काचेवर बोट ठेवलं आणि आमच्याकडे पाहून म्हणाली, “हे त आमची मोठीबाई होय जी. अन् थे तिची जाव.” आणखी एकीचंही नाव तिनं सांगितलं. तेवढ्यात गळ्यात बिल्ला अडकवलेला एक मुलगा आला. “आजी, काचेला हात लावू नका.” तिनं हात काढला आणि निघून गेली. आमच्या खिशात पेन होतं. तीन नावं ऐकूनही आम्ही ती लिहून घेतली नाहीत. आठ दिवसांनी उपरती झाली तेव्हा प्रदर्शन उतरवलेलं होतं. आज त्या तीनांतलं एकही नाव आम्हाला आठवत नाही. चाळीस वर्षं स्मृती आणि ज्ञान यांवर शिकवलेल्या माणसाची ही गोष्ट आहे, बरं का.

आता शास्त्राकडे येऊ. नैयायिक स्मृतीला प्रमाण मानत नाहीत, हे आपण पाहिलं आहे. पण प्रत्यभिज्ञा, म्हणजे ओळख पटणं, ही त्यांच्या दृष्टीने वेगळी चीज आहे. शास्त्रातला तो ठरलेला देवदत्त घ्या. पूर्वी कुठेतरी पाहिलेला देवदत्त आज समोर दिसला आणि आपण म्हणालो, हाच तो. यातलं ‘हा’ डोळ्यांनी दिलं. ‘तो’ आधीच्या अनुभवाच्या संस्कारानं दिलं. दोन्ही एकत्र आले तरच ओळख होते.

फोटोला हे लावून पाहा. फोटो फक्त ‘हा’ देतो, आणि तो अगदी भरपूर देतो. लुगड्याची किनार, कपाळावरचं गोंदण, सुपाचं विणकाम, सगळं देतो. ‘तो’ मात्र फोटोत नसतो. तो त्या म्हातारीजवळ होता. आम्ही आणि ती एकाच काचेसमोर उभे होतो, पण ओळख तिला झाली. आम्हाला नुसता देखावा दिसला. रोलां बार्त या फ्रेंच लेखकाने १९८० साली फोटोग्राफीवर एक पुस्तक लिहिलं. त्यात आईच्या लहानपणच्या एका फोटोवर तो पानंच्या पानं लिहितो, पण तो फोटो मात्र छापत नाही. का, तर वाचकाला तो हजारांतला एक जुना फोटो वाटेल म्हणून. आम्हाला हे तरुणपणी जरा नाटकी वाटलं होतं. आता तसं वाटत नाही.

परक्याला जेव्हा ‘तो’ मिळत नाही, तेव्हा मन ती जागा रिकामी ठेवत नाही, तिथे प्रकार बसवतं. ही बाई कोण, याचं उत्तर नाही, म्हणून ‘बिडी वळणारी’. ही आपल्याकडची जुनी सवय आहे. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्यप्रांतातल्या जाती-जमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली लंडनला छापला गेला. भंडारा त्या प्रांतातलाच जिल्हा. ग्रंथ मोलाचा आहे, आम्ही स्वतः अनेकदा वापरला आहे, आणि तो नुसता झिडकारणाऱ्यांशी आमचं जमत नाही. पण त्यातले फोटो पाहा. खाली जात असते, धंदा असतो, विधी असतो. कॅमेऱ्यासमोर ऊन सोसत उभ्या राहिलेल्या माणसाचं नाव जवळजवळ नसतंच. तिथे निदान कारण तरी होतं. त्यांना माणूस नको होता, जातीचा नमुना हवा होता. आमच्या प्रदर्शनवाल्यांना तर माणसंच दाखवायची होती. नातवंडांनीच आपल्या आज्यांखाली रसेलसाहेबांच्या पद्धतीच्या चिठ्ठ्या लावल्या, आणि त्यांना ते जाणवलंही नाही.

आता कुणी म्हणेल, तो काळच तसा होता, नावं कोण लिहिणार? याला एक लांबचं उदाहरण आहे, ऑस्ट्रेलियाचं. १९३८-३९ मध्ये अ‍ॅडलेडच्या संग्रहालयातला नॉर्मन टिंडेल आणि त्याचा सहकारी जोसेफ बर्डसेल तिथल्या आदिवासींच्या वस्त्यांवर फिरले. हेतू काही उदात्त नव्हता. डोकी मोजायची, केसांचे नमुने घ्यायचे, वंश ठरवायचे, असंच ते विज्ञान होतं. फोटोही गुन्हेगाराचे काढावेत तसे, समोरून आणि बाजूने. पण टिंडेलने एक केलं. प्रत्येकाचं नाव लिहिलं, आईबापांची आणि आजी-आजोबांची नावं विचारली, वंशावळी मांडल्या. त्या देशात सरकारने आदिवासींची मुलं घरातून उचलून नेली होती. कित्येकांना आपली आई कोण हेच माहीत नव्हतं. आज त्यांची नातवंडं त्या कागदांत आपली माणसं शोधतात. जमिनीच्या हक्काच्या दाव्यांतही त्या वंशावळींचा आधार घेतला जातो. डोकी मोजणाऱ्याच्या वहीचा लोकांना उपयोग झाला, कारण तिच्यात नावं होती. आपण प्रेमाने भरवलेल्या प्रदर्शनाचा तसा काय उपयोग होईल, याचा विचार करा.

आता त्या टेबलाकडे जाऊ. प्रदर्शनातला खरा ऐवज आमच्या मते तिथे होता, आणि लोक त्यावरून नजर फिरवून पुढे जात होते. भंडारा म्हणजे पितळेचं गाव. आपल्या बायकांनी भांड्यांवर नावं घालून घेतली, हे तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. छिन्नीने ठोकून, टिंबाटिंबांची अक्षरं. अमक्याकडून तमकीस, लग्नानिमित्त, गाव, तारीख. दुकानात भांडं घेतलं की नाव घालणारा तिथेच बसलेला असे. पुढे त्याच्या हातात विजेचं यंत्र आलं आणि अक्षरं गुळगुळीत झाली. ज्या बाईचं नाव सातबाऱ्यावर नाही, घराच्या दारावर नाही, तिचं नाव तिच्या परातीवर आहे! मामाने दिली, आत्याने दिली, शेजारणींनी वर्गणी काढून दिली, सगळं धातूवर लिहिलेलं. लग्नकार्यात शंभर घरची भांडी एकत्र व्हायची, ती ओळखता यावीत हा त्यामागचा साधा हिशेब. पण त्या हिशेबातून गावच्या नात्यांची अशी एक वही तयार झाली की जिला कसर लागत नाही.

प्रदर्शनात या भांड्यांची तोंडं समोर होती आणि नावाची बाजू भिंतीकडे. चिठ्ठी होती, ‘पारंपरिक पितळी भांडी’. आम्ही एक गुंड उचलून फिरवला, तेव्हा आम्हालाही त्या बिल्लेवाल्या मुलाने हटकलं.

स्टील आलं तेव्हा काय झालं तेही आठवा. घासायला सोपं, कल्हईची कटकट नाही, बायकांचे हात सुटले. त्याबद्दल हळहळण्याचा पुरुषांना अधिकार नाही, हे आमच्या पत्नीचं म्हणणं आम्हाला मान्य आहे. पण जुनं पितळ मोडीत गेलं ते वजनावर. नावासकट वितळलं. किलोचा भाव मिळाला, अक्षरांचा कोण देतो?

कागदांविषयी थोडक्यात. टेबलावर एकाच घरातले चार कागद होते. पहिल्यावर मध्यप्रांत व वऱ्हाड, दुसऱ्यावर मध्यप्रदेश, तिसऱ्यावर मुंबई राज्य, चौथ्यावर महाराष्ट्र. घर जागचं हललं नाही आणि त्याने चार सरकारं पाहिली. १९५६ च्या नोव्हेंबरापर्यंत आपण मध्यप्रदेशात होतो, हे आजच्या मुलांना खोटं वाटतं. हे चार कागद शेजारी मांडले असते तर एक धडा तिथेच झाला असता. ते चार कोपऱ्यांत होते.

गर्दीच्या फोटोंचंही तेच. १९५४ च्या मे महिन्यात भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब आंबेडकर उभे होते आणि हरले. त्याच वेळी इथून अशोक मेहता लोकसभेवर गेले. अडीच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपूरला धम्मदीक्षा झाली. आता पांढऱ्या कपड्यांतल्या हजारो लोकांचा एक फोटो घ्या आणि खाली लिहा ‘विराट जनसमुदाय’. तो प्रचारसभेचा की दीक्षेचा? एका ठिकाणी लोक मत मागणाऱ्याला ऐकायला आले होते, दुसऱ्या ठिकाणी जन्माचा धर्म सोडायला. फोटोत दोन्ही गर्द्या सारख्याच दिसतील. तारीख नसेल तर फोटो खोटं बोलत नाही, पण खरंही सांगू शकत नाही.

एक आक्षेप आम्ही स्वतःच घेतो. नाव लिहिणं नेहमीच उपकार असतो का? आपल्याकडे आडनाव म्हणजे जात. शाळेच्या ग्रुप फोटोत कोण खुर्चीवर आणि कोण सतरंजीच्या कडेला, हे नावं लिहिल्यावर जास्तच बोचेल. वेठीला राबलेल्या आजोबांचा फोटो नावानिशी टांगला जावा असं नातवाला वाटेलच असं नाही. म्हणून विचारून लिहावं. पण विचारायला तरी ती माणसं माहीत हवीत. न विचारता ‘मजूर’ लिहून मोकळं होणं ही काही त्यांच्या अब्रूची काळजी नव्हे.

आणि घाई का, तेही सांगतो. पवनीजवळच्या गोसेखुर्द धरणाची पायाभरणी राजीव गांधींच्या हस्ते १९८८ साली झाली. पुढे भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतली कितीतरी गावं उठली. पंचनाम्यात घर मोजतात, विहीर मोजतात, आंब्याचं झाड मोजतात. जुन्या गावात शेजारी कोण होतं, पारावर कोण बसायचं, हे कोणत्याच रकान्यात नाही. शेजार मोडला की फोटोतली माणसं ओळखणारेही पांगतात. पूर्वी एकाने फोटो काढला की आळीतले दहाजण नावं सांगत. आता त्या दहाजणांचे पत्ते दहा ठिकाणी.

गरिबाघरी फोटो मुळात असतो तरी किती? लग्नातल्या ग्रुप फोटोतून चेहरा काढून मोठा करतात आणि हार घालतात. शेषन यांच्या काळात, १९९३ पासून, फोटोचं मतदार ओळखपत्र आलं. खेड्यांतल्या कितीतरी म्हाताऱ्यांचा आयुष्यातला पहिला फोटो तोच. मेल्यावर तोच धूसर चेहरा मोठा करून भिंतीवर लागला. सरकारने मतदार ओळखण्यासाठी काढलेला फोटो घराने आई म्हणून ठेवला. आम्हाला विचाराल तर प्रदर्शनात असा एक तरी फोटो हवा होता, खाली तिचं नाव आणि तो कुठून आला हे लिहून.

पुढचं प्रदर्शन भरवणाऱ्यांना आमचं सांगणं एवढंच. एका खोलीत फोटो लावा, आणि दुसऱ्या खोलीत दोन बाकडी, वही आणि लिहिणारा एक माणूस बसवा. म्हाताऱ्यांना काचेवर बोट ठेवू द्या. काच पुसता येते. घरी फोटो असतील तर मागच्या बाजूला मऊ शिसपेन्सिलीने, दाब न देता नाव लिहा. बॉलपेन नको, ते पुढच्या बाजूला उमटतं.

आमच्या स्वतःच्या घरी एक परात आहे. मोडीतून वाचलेली. तिच्यावर टिंबांनी एका बाईचं नाव आहे, गाव आहे, साल १९३८ आहे. नाव आमच्या घराण्यातलं नाही. परात आमच्याकडे कशी आली, ती बाई आईची मैत्रीण होती की कुठल्या पंगतीत भांडी बदलली गेली, हे सांगणारी शेवटची व्यक्ती म्हणजे आमची थोरली बहीण. ती गेली त्याला सहा वर्षं झाली. तिला आम्ही कधी विचारलं नाही. त्या गावी एकदा जाऊन चौकशी करावी असं मनात आहे, गाव साकोलीकडचं आहे.

इथे थांबतो. कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.