एका चित्रकथेचीं दोन रूपांतरें

जपानांत चित्रकथेला ‘मांगा’ म्हणतात आणि तीवरून तयार होणाऱ्या चलच्चित्रांच्या मालिकेला ‘ॲनिमे’. एकाच मांगावरून एकाच चित्रसंस्थेनें सहा वर्षांच्या आंत दोन निरनिराळ्या मालिका काढाव्या, हा योग तिकडेहि क्वचितच येतो. हिरोमु आराकावा या लेखिकेच्या ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ या कथेच्या वांट्यास तो आला. ‘बोन्स’ या संस्थेनें सेइजी मिझुशिमा यांच्या दिग्दर्शनाखालीं २००३-०४ सालीं पहिली, ५१ भागांची, मालिका काढली. आणि २००९-१० सालीं यासुहिरो इरिए यांच्या दिग्दर्शनाखालीं दुसरी, ६४ भागांची. ही दुसरी जपानबाहेर ‘ब्रदरहुड’ या नांवानें ओळखली जाते. दुसरी मूळाबरहुकूम म्हणून सरस, आणि पहिली मूळ सोडून भरकटली म्हणून नीरस, असा निकाल रसिकमंडळींत पुष्कळदां ऐकूं येतो. हा निकाल आम्हांस मान्य नाहीं.

पहिली मालिका मूळापासून कां फुटली हें आधीं पाहिलें पाहिजे. मूळ कथा मासिकांतून २००१ पासून २०१० पर्यंत क्रमशः येत होती व तिचे २७ खंड झाले. २००३ सालीं तिचा तिसरा हिस्साहि छापून झाला नव्हता. लेखिकेनेंच निराळा शेवट करण्याची मोकळीक दिली, आणि मालिकेची कथारचना करणारे शो आइकावा यांनीं तो रचला. बाणभट्टाची अपुरी ‘कादंबरी’ त्याच्या पुत्रानें पुरी केली तेव्हां बाप हयात नव्हता. येथें जननी हयात असून तिची लेखणीहि चालू होती! एकाच अपत्याच्या दोन कुंडल्या एकाच वेळीं मांडल्या जात होत्या म्हणा ना.

कथेचें बीज थोडक्यांत असें. एडवर्ड व अल्फॉन्स हे दोघे भाऊ किमया शिकलेले. किमयेचा नियम एकच : जेवढें द्यावें तेवढेंच मिळतें. आई वारल्यावर हीं पोरें किमयेच्या बळावर तिला परत आणूं पाहतात. ती येत नाहीं. येतो तो एक विद्रूप, तडफडणारा मांसपिंड. थोरल्याचा पाय जातो, धाकट्याचें सारें शरीर जातें. आणि धाकट्याचा जीव एका चिलखतांत बांधून ठेवण्यासाठीं थोरला आपला हातहि देऊन बसतो. पुढें सारा प्रवास परिसाच्या शोधाचा.

आमच्या मतें दोन्ही रूपांतरांची खरी कसोटी त्या मांसपिंडापाशीं लागते. त्याचें पुढें काय झालें? पहिल्या मालिकेनें दिलेलें उत्तर भयंकर आहे. तो पिंड मेला नाहीं. त्यांतून आईचाच चेहरा असलेली एक स्त्री घडली आणि राष्ट्रप्रमुखाची चिटणीस म्हणून वावरूं लागली. तिचें नांव ‘आळस’. तिच्यापाशीं आईच्या आठवणी आहेत. त्या आपल्या नव्हेत हें स्वतःस पटवून देण्यासाठीं ती मुलांच्या जिवावर उठते, आणि अखेर थोरल्यालाच तिचा अंत करावा लागतो. मूळ कथेंत यांतलें कांहींहि नाहीं. तेथें ‘आळस’ हा देशाच्या पोटांत भुयार खणणारा एक अवाढव्य राक्षस आहे, आणि दुसरी मालिका त्याला जसाच्या तसा घेते. उलट मूळांत एडवर्ड पुरलेले ते अवशेष उकरून काढतो, केसांचा रंग व मांडीचें हाड पारखतो, आणि ती आपली आई नव्हतीच असें त्याला कळून चुकतें. आईला दुसऱ्यांदा मारल्याचा डाग पुसला जातो. प्रसंग उत्कृष्ट आहे. पण तो सुटकेचा आहे. पहिली मालिका अशी सुटका देत नाहीं. ज्या पापाची किंमत हातापायांनीं चुकती झाली असें वाटलें, तें पाप आईचें तोंड घेऊन दारांत उभें राहतें. अजाण मुलांच्या अपराधाला एवढी शिक्षा कां, असें प्रेक्षकाच्या मनांत येतें, आणि त्या सममोल देवघेवीवरचा त्याचा विश्वास डळमळतो. जें मूळांत नाहीं, त्यानेंच मूळाचा प्रश्न अधिक खोल नेला.

दुसरी गोष्ट वेळेची. आपल्या लेकीचीं छायाचित्रें भेटेल त्याला दाखवीत सुटणारा लष्करी अधिकारी ह्यूज मारला जातो, तो पहिल्या मालिकेच्या २५ व्या भागांत. दुसरीच्या १० व्या भागांतच. छोट्या निनाची हृदयद्रावक हकीगत पहिलीनें दोन भागांत सांगितली, दुसरीनें एकांत. मूळांतहि ती एकाच प्रकरणाची आहे, असें कोणी म्हणेल, आणि तें खरें आहे. परंतु कागदावरच्या चित्रापाशीं वाचक हवा तितका थांबतो. पडद्यावर दिग्दर्शक थांबवील तेवढेंच थांबावयाचें. पहिल्या मालिकेंत दोघे भाऊ निनाच्या घरीं परीक्षेच्या अभ्यासासाठीं राहतात, तिच्याशीं खेळतात, आणि मग तो घाव बसतो. इरिए यांनीं, प्रेक्षकांना हें सारें ठाऊकच आहे असें धरून कीं काय, आरंभींच्या भागांत घोडें पिटाळलें आहे.

म्हणून दुसरीला कमी लेखावें असें मात्र नाहीं. इश्वलच्या लोकांची कत्तल, तींत हात रंगलेले मस्टँग व हॉकआय, उत्तरेच्या किल्ल्यावरची ती करारी स्त्री-सेनानी, आणि सारा देशच एका प्रचंड किमयाचक्रासाठीं वसविला गेला होता हा उलगडा : आराकावाबाईंनीं नऊ वर्षें विणलेले हे धागे दुसऱ्या मालिकेनें तुटूं न देतां पडद्यावर आणले. पहिलीला हें वैभव मिळणें शक्यच नव्हतें. तिचे शेवटचे भाग दुबळे आहेत. किमयेच्या द्वारापलीकडे आपलेंच जग निघतें. आणि २००५ च्या चित्रपटांत तर एडवर्ड १९२३ च्या म्यूनिकमधील राजकीय बंडाच्या धामधुमींत सांपडतो. येथें कथेचा गाडा आडरानांत शिरला, असें आम्हांस वाटतें.

आतां दोन शेवट शेजारीं ठेवून पाहावे. दुसऱ्या मालिकेंत, मूळाप्रमाणेंच, एडवर्ड आपली किमयाच कायमची देऊन टाकतो व भावाला सदेह परत आणतो. दोघे घरीं येतात. पहिलींत धाकट्याला शरीर मिळतें, पण साऱ्या प्रवासाची आठवण पुसली जाते, आणि थोरला परक्या जगांत अडकून पडतो. जिनें मुलांना त्या अवशेषांवरून निर्दोष ठरविलें, तिनें त्यांना घरीं आणणें साजून दिसतें. जिनें मुलाच्याच हातून आईच्या चेहऱ्याचा अंत करविला, तिनें तसें केलें असतें तर तें आम्हांस खोटें वाटलें असतें.