सदोष पात्रे आणि देवाचे कार्य : 'स्मृतिचित्रे'ची साक्ष

संतचरित्र लिहिण्याची आपल्याकडे जुनी आणि भक्कम वहिवाट आहे. महिपतीने १७६२ साली 'भक्तविजय' पूर्ण केला, तेव्हा ही वहिवाट प्रतिष्ठित झालेलीच होती. संत म्हटला की त्याचे दोष गळून पडतात, त्याच्या रागाला तेज म्हणतात, आणि त्याच्या बेफिकिरीचे वैराग्य होते. त्याच्या घरी चूल पेटली नाही तर ती त्याच्या विरक्तीची खूण ठरते. तुकोबांच्या घरातल्या आवलीचे बोल आपल्यापर्यंत पोहोचले आहेत, पण ते दुसऱ्यांच्या तोंडून आणि कथेच्या सोयीपुरते. तिला लेखणी मिळाली असती तर महाराष्ट्राला तुकारामांचे कोणते चरित्र वाचावयास मिळाले असते, याचा तर्क करणे एवढेच आपल्या हाती आहे.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयात मात्र तशी लेखणी एका स्त्रीच्या हाती आली. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध होऊ लागली. १९३६ साली लक्ष्मीबाई निवर्तल्या आणि चौथा भाग अपुरा राहिला. मराठी गद्याचे एक लेणे म्हणून या ग्रंथाचा गौरव पुष्कळ झाला आहे, आणि त्याच्या भाषेचा साधेपणा, विनोद व निर्मळ दृष्टी यांविषयी नवे सांगण्याजोगे फारसे उरलेले नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. देव आपले कार्य सामान्य आणि दोषी माणसांकडून करवून घेतो, असे ख्रिस्ती श्रद्धा मानते. या श्रद्धेची कसोटी 'स्मृतिचित्रे' कशी घेते, आणि त्या कसोटीस ती श्रद्धा उतरते काय, हे आम्हांस पाहावयाचे आहे.

प्रथम वस्तुस्थिती. नारायण वामन टिळक १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यात करजगाव येथे जन्मले. कवी म्हणून त्यांनी 'वनवासी फूल'सारखे काव्य दिले, आणि फुलामुलांचे कवी म्हणून मराठी शाळांतील पिढ्या त्यांना ओळखतात. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे नगरच्या अमेरिकन मराठी मिशनचे ते पाळक झाले, 'ज्ञानोदया'च्या मराठी भागाचे संपादन त्यांनी केले, आणि मराठी ख्रिस्ती मंडळ्यांस गाता येतील अशी, आपल्या मातीत रुजलेली भजने त्यांनी दिली. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. १९१७ साली त्यांनी मिशनची चाकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा ख्रिस्तभक्तांना एकत्र आणणारा 'देवाचा दरबार' मांडला. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचा अंत झाला. हे झाले सार्वजनिक चरित्र. स्मृतिग्रंथास आणि शिलालेखास एवढे पुरते.

लक्ष्मीबाई याच माणसाला घराच्या बाजूने पाहतात. क्षणात भडकणारा आणि क्षणात विरघळणारा, न सांगता घर सोडून जाणारा, घरातला पैसा परक्याच्या हाती देऊन मोकळा होणारा, एका नोकरीत न टिकणारा, बायकोच्या चिंतेचा पत्ता नसलेला असा नवरा या पुस्तकात पानोपानी भेटतो. आणि सर्वांत मोठी गोष्ट ही, की धर्मांतराचा निर्णय घेताना त्याने आपल्या पत्नीस विश्वासात घेतले नाही. बातमी कळली तेव्हा तिच्या पायाखालची जमीन सरकली. त्यानंतर काही वर्षे उभयतांची ताटातूट झाली. नवरा जिवंत असून नसल्यासारखा, अशी ती अवस्था त्या काळच्या ब्राह्मण घरातल्या स्त्रीला मरणाहून फारशी निराळी नव्हती.

हे सारे सांगताना लक्ष्मीबाई तक्रार करीत नाहीत आणि पांघरूणही घालीत नाहीत. येथेच या ग्रंथाचे खरे मोल आहे असे आम्हांस वाटते. ज्यांनी आयुष्याचा काही भाग न्यायालयात साक्षी ऐकण्यात घालविला आहे, त्यांना एक गोष्ट ठाऊक असते. ज्याच्या तोंडून पक्षकाराविषयी केवळ चांगलेच बाहेर पडते, त्या साक्षीदारावर न्यायाधीशाचा विश्वास बसत नाही. पाठ केलेली साक्ष ऐकताच ओळखू येते. उलट, आपल्याच बाजूस अडचणीच्या ठरणाऱ्या गोष्टी जो न विचारता सांगतो, त्याच्या इतर बोलण्यासही वजन येते. लक्ष्मीबाई ही अशी साक्षीदार आहे. टिळकांचा संताप ती लपवीत नाही, म्हणून टिळकांच्या करुणेविषयी ती बोलते तेव्हा आपण ते खरे मानतो. अनाथ मुलांना घरात आणणारा हा माणूस आणि बायकोला न कळविता निघून जाणारा हा माणूस एकच आहे, हे तिच्याखेरीज कोणी आपल्याला पटवू शकले नसते.

'एका बाबतीत खोटा, तो सर्वच बाबतींत खोटा' असे एक लॅटिन सूत्र आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली निसार अली खटल्यात आणि पुढेही वारंवार स्पष्ट केले, की हे सूत्र भारतात कायद्याचा नियम नव्हे. न्यायाधीशाने दाणा आणि भूस वेगळे करावयाचे असते. धर्माच्या प्रांतात माणसे अजूनही ते लॅटिन सूत्रच चालवितात. प्रवचन करणाऱ्याचा एक दोष उघड झाला की प्रवचनच खोटे ठरविले जाते. किंवा प्रवचन खरे ठरावे म्हणून दोष दडपला जातो. वरवर परस्परविरोधी असलेल्या या दोन्ही वृत्तींचे मूळ एकच आहे: निर्दोष माणसाकडूनच सत्य येते, हा समज.

ख्रिस्ती शास्त्राने हा समज फार पूर्वी नाकारला. चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत दोनातवाद्यांनी असा पक्ष मांडला, की छळाच्या काळात ज्या धर्माधिकाऱ्यांनी कच खाल्ली, त्यांच्या हातून झालेले संस्कार निरर्थक होत. संत ऑगस्टीनने त्यांचा प्रतिवाद केला. संस्काराचे सामर्थ्य देणाऱ्याच्या हातात नसून ख्रिस्तात आहे, असे त्याचे म्हणणे होते, आणि ४११ सालच्या कार्थेजच्या परिषदेत निर्णय दोनातवाद्यांच्या विरुद्ध गेला. हा वाद कोरडा नव्हता. तो निराळा सुटता, तर प्रत्येक भाविकाला आपल्या पाळकाच्या खासगी आयुष्याची चौकशी केल्यावाचून प्रार्थनेस उभे राहता आले नसते.

शास्त्राच्याही आधी पवित्र ग्रंथ हीच गोष्ट सांगतो. याकोब हा बापाला फसवून आशीर्वाद मिळविणारा. मोशे हा खून करून पळालेला, आणि बोलण्यास जड जिभेचा. दावीद राजाने उरीयाची बायको घेतली आणि उरीयाला रणात मरावयास धाडले. पेत्राने एका रात्रीत तीनदा आपल्या गुरूची ओळख नाकारली. मत्तयाने शुभवर्तमानाच्या आरंभी दिलेल्या वंशावळीत तामार, राहाब आणि उरीयाची बायको यांची आठवण मुद्दाम ठेवली आहे. कोणताही राजभाट आपल्या धन्याची वंशावळ अशी लिहिणार नाही. मराठीत 'पात्र' या शब्दाचे दोन अर्थ आहेत: भांडे आणि लायक. संत पौलाने माणसाला मातीच्या भांड्याची उपमा दिली, ती वाचताना मराठी वाचकाला हा श्लेष आपोआप सुचतो. माणूस लायक या अर्थी पात्र नसेल. भांडे या अर्थी मात्र पात्र असू शकतो.

येथवर सारे सोपे आहे, आणि बहुतेक प्रवचने येथेच थांबतात. आम्हांस थांबता येत नाही. देव दोषी माणसांकडून काम करवून घेतो हे खरे. पण त्या दोषांची किंमत कोण देतो? दावीदाचे स्तोत्र आपण गातो; उरीया परत येत नाही. टिळकांची भजने मंडळ्या गातात. त्यांच्या ताटातुटीची वर्षे लक्ष्मीबाईंनी एकटीने काढली. थोरांच्या वेडाला आपण मराठी माणसे लवकर क्षमा करतो, कारण त्या वेडाचा भुर्दंड आपल्याला पडत नाही. 'मातीचे भांडे' हा दृष्टान्त जबाबदारी टाळण्याचा दाखला म्हणून वापरला गेला, की तो श्रद्धेचा राहत नाही. मंडळीत कोणा पाळकाने कोणावर अन्याय केला असता 'आपण सारेच पापी' म्हणून प्रकरण मिटविणारे लोक ऑगस्टीनचे अनुयायी नव्हेत. ऑगस्टीनने बाप्तिस्म्याची वैधता वाचविली. अपराध्याची बाजू त्याने घेतली नव्हती. पवित्र ग्रंथातही दावीदाच्या कृत्यानंतर नाथान संदेष्टा येतो, राजाच्या तोंडावर त्याचा अपराध ठेवतो, आणि मगच क्षमेची भाषा सुरू होते. नाथान वगळून दावीदाची कथा सांगणे ही लबाडी होय.

'स्मृतिचित्रे' या कसोटीस उतरते ती या ग्रंथात नाथानाचे काम लक्ष्मीबाई स्वतः करतात म्हणून. त्या निवाडा देत नाहीत, परंतु पुरावा संपूर्ण मांडतात. टिळकांच्या बाजूचा पुरावाही त्या गाळीत नाहीत. १८६६ च्या कायद्याने धर्मांतरित नवऱ्याला, बायको नांदावयास येत नसल्यास, काही अटींवर न्यायालयातून विवाहबंध सोडवून घेता येत असे. टिळकांनी ती वाट धरली नाही. ते पत्नीची वाट पाहत राहिले. ज्याला घरात धीर धरता येत नसे, त्याला या एका बाबतीत तो धरता आला. हे त्या मनुष्याच्या स्वभावाने घडले की स्वभावाविरुद्ध घडले, याचा विचार ज्याने त्याने करावा. आम्हांस तरी देवाचे कार्य पाहावयाचे झाल्यास ते टिळकांच्या व्यासपीठापेक्षा या वाट पाहण्यात अधिक स्पष्ट दिसते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. लक्ष्मीबाई स्वतःलाही निर्दोष ठेवीत नाहीत. वडिलांच्या सोवळ्याचे वेड त्यांनी लहानपणी सोसले, आणि त्या सोवळ्याचा पगडा त्यांच्याही मनावर किती होता हे त्या हसत हसत सांगतात. नवऱ्याकडे परत आल्यावरही त्यांनी आपला स्वयंपाक व पाणी वेगळे राखले. मग केव्हातरी जातिभेद देवाचा की माणसाचा, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच घातला, आणि उत्तर मिळाल्यावर सोवळे सोडून दिले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. कोणा विद्वानाच्या युक्तिवादाने हे घडले नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर घडले. फारसे शिक्षण न मिळालेल्या, जिभेला धार असलेल्या, भित्र्या आणि हट्टी अशा या बाईनेच पुढे टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हाती घेऊन वाढविले. देव कोणाकडून काम करवून घेतो, असे विचारणारा वाचक टिळकांकडे पाहत असतो. ग्रंथ मिटताना त्याला कळते की उत्तर लिहिणाऱ्या बाईत होते.

ग्रंथाला उणीवही आहे, आणि ती सांगितली पाहिजे. टिळकांच्या अंतरंगातील धर्मसंघर्ष येथे फारसा उजेडात येत नाही. ते ख्रिस्ताकडे का ओढले गेले, याचे उत्तर घराच्या दारातून जेवढे दिसले तेवढेच मिळते. त्या शोधासाठी वाचकाने टिळकांच्या कवितेकडे जावे. परंतु ही मर्यादा साक्षीदाराची आहे. जे पाहिले तेवढेच सांगण्याचा तिचा नेम आहे, आणि आम्ही तो दोष मानण्यास तयार नाही.

हा प्रश्न आमच्या भागात केवळ वाङ्मयाचा नाही. सिलवासाजवळच्या या मसाटात बसून आम्ही लिहितो, तेथे ख्रिस्ताचे नाव राज्यकर्त्यांच्या सोबतीने आले. १७८३ साली एका जहाजाच्या भरपाईपोटी नगर हवेली पोर्तुगिजांच्या हाती गेली. १९५४ साली ती सुटली. वारली, कोकणा, धोडिया यांच्या मुलखात उभी असलेली सिलवासाची माउलीची चर्च त्या राजवटीची खूण आहे आणि आजच्या भाविकांचे प्रार्थनास्थळही आहे. गोव्यात हेच कोडे अधिक जुने आणि अधिक रक्तरंजित आहे. १५८३ साली कुंकळ्ळीस पाच जेझुइट मारले गेले आणि त्यानंतर गावाच्या प्रमुखांचाही घात झाला. त्याच साष्टीत काम करणाऱ्या फादर स्टीफन्सने १६१६ साली रायतूरला 'क्रिस्तपुराण' छापविले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ मराठीचे वैभव ठरला, आणि कोंकणीतील 'दौत्रिन क्रिस्तां'ही त्याच हातची. राजवटीने केलेला अन्याय ओव्यांनी धुतला जात नाही. अन्यायामुळे ओव्या खोट्याही होत नाहीत. दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांगण्याचे धैर्य आपल्या इतिहासलेखनात दिसावे, ही आमची अपेक्षा आहे.

देवाला निर्दोष माणसे लागत नाहीत, ही दुर्बळांना दिलेली आशा आहे. बलवानांना दिलेली सवलत नव्हे. हा भेद ज्या श्रद्धेला कळत नाही ती ढोंगात उतरते, आणि जी समीक्षा तो पाळत नाही ती स्तुतीत किंवा निंदेत संपते. लक्ष्मीबाईंनी तो शास्त्रीय परिभाषेचा एक शब्दही न वापरता पाळला. नवऱ्यावर प्रेम केले आणि त्याच्याविषयी खरे सांगितले. ही दोन कामे एकत्र करणारे मराठीत थोडे आहेत. म्हणून 'स्मृतिचित्रे' ख्रिस्ती घरांतून जशी वाचली जाते, तशी ज्या ज्या घरात एखाद्या थोर पुरुषाची तसबीर भिंतीवर लावलेली आहे, त्या त्या घरात वाचली जावी.