तिसऱ्या मताचे मोल : शरद जोशींचा स्वतंत्रतावाद आणि नगर जिल्हा

९ मार्च २०१० रोजी राज्यसभेत महिला आरक्षण विधेयकावर मतदान झाले. बाजूने १८६ मते पडली, विरोधात एक. ते एक मत शरद जोशी यांचे होते. ज्यांच्या पाठिंब्याने ते २००४ मध्ये राज्यसभेत गेले त्या पक्षांचे सदस्यही समोरच्या बाजूला होते. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरवणारा आणि पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’च्या कार्यक्रमातून शेतकऱ्यांना आपल्या जमिनीचा हिस्सा बायकोच्या नावे करायला लावणारा हा माणूस स्त्रियांच्या विरोधात होता, असे त्याचे टीकाकारही म्हणणार नाहीत. त्यांचा आक्षेप मतदारसंघ फिरत्या पद्धतीने राखून ठेवण्याला होता. आपले मत निकालात काडीचाही फरक करणार नाही हे त्यांना ठाऊक होते. तरीही त्यांनी ते दिले.

शरद जोशींच्या विचाराकडे मी या मतापासून जातो, त्याला कारण आहे. हरणाऱ्या बाजूला मत देण्याचा जो अधिकार त्यांनी त्या दिवशी स्वतः वापरला, त्या अधिकाराची मीमांसा त्यांच्या विचारात फारशी आढळत नाही. स्वतंत्रतावादी पक्षाला मत का द्यावे, तो निवडून येणार नाही हे दिसत असतानाही का द्यावे, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर शेतकरी संघटनेच्या साहित्यात मला मिळालेले नाही. हा दोष किरकोळ नाही. महाराष्ट्रात हा विचार रुजला का नाही, याचे निदान एक कारण त्यात आहे, असे माझे म्हणणे आहे. नगर जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, उदाहरणावरून ते तपासून पाहतो.

आधी विचाराबद्दल. ‘स्वतंत्रतावाद’ म्हणजे भांडवलदारांची वकिली, अशी आपल्याकडे एक सोयीची समजूत आहे. सरकारने कायदा, सुव्यवस्था, न्याय आणि संरक्षण सांभाळावे, बाकीचे व्यवहार माणसांनी आपापसातल्या करारांवर सोडावेत, असे हा विचार थोडक्यात सांगतो. जोशी त्याच्याकडे पुस्तकांतून आले नाहीत. स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून त्यांनी चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली आणि स्वतःच्या शेतीचा हिशेब मांडला. कांद्याचा भाव का पडतो या प्रश्नापासून ते निघाले आणि सरकार शेतकऱ्याला देते त्याहून अधिक त्याच्याकडून काढून घेते, या ‘उणे सबसिडी’च्या सिद्धान्तापर्यंत पोचले. ‘भारत’ आणि ‘इंडिया’ ही विभागणी त्यातूनच आली. ‘खुल्या व्यवस्थेकडे, खुल्या मनाने’ या पुस्तकातले लेख वाचताना जाणवते की हा लेखक अर्थशास्त्र शेतकऱ्याच्या बोलीत आणू शकतो. वाक्य लहान, दाखला गोठ्यातला किंवा बाजारातला, आणि निष्कर्ष न घाबरता काढलेला. मराठी वैचारिक गद्यात ही जातकुळी दुर्मीळ आहे.

पण भावाची मीमांसा जितकी पक्की, तितकी मताची नाही. संघटनेच्या सुरुवातीच्या काळात निवडणूक वर्ज्य होती. मी मते मागायला आलो तर जोडे मारा, अशा अर्थाचे त्यांचे उद्गार विरोधकांनी पुढे वारंवार त्यांच्याच तोंडावर फेकले. मग निवडणूक हे आंदोलनाचे एक हत्यार झाले. १९९० मध्ये जनता दलाच्या चिन्हावर संघटनेचे काही कार्यकर्ते विधानसभेत गेले. १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष स्थापन झाला. २००४ मध्ये या पक्षाचे वामनराव चटप राजुऱ्यातून आमदार झाले आणि जोशी भाजप-शिवसेनेच्या पाठिंब्याने खासदार. यातला प्रत्येक निर्णय त्या त्या वेळी व्यवहार्य ठरवता येतो. सगळे एकत्र पाहिले की मात्र दिसते, की अनुयायाचे मत हा कोणाशी तरी सौदा करण्याचा माल होता. त्याला स्वतःचे असे मोल मानलेले नव्हते.

येथे विचारातलीच एक अडचण आहे. बाजारात लहान दुकानदाराकडून गूळ घेणाऱ्याला कोणी म्हणत नाही की तुझा रुपया वाया गेला. त्याला गूळ मिळतो, दुकानदाराला रुपया. आपल्या निवडणुकीत मात्र ज्याला सर्वाधिक मते तो सगळे घेऊन जातो, बाकीच्यांच्या पदरात काही नाही. अँथनी डाउन्स या अमेरिकी अभ्यासकाने १९५७ मध्येच दाखवले होते, की निव्वळ स्वहिताचा हिशेब करणाऱ्या माणसाला मतदानाच्या रांगेत उभे राहण्याचेही फारसे कारण उरत नाही. एका मताने निकाल फिरण्याची शक्यता तेवढी कमी असते. मग तिसऱ्या पक्षासाठी तर रांगेत कोण उभा राहील? जो विचार माणसाला हिशेबी मानून सुरू होतो, त्याने या ठिकाणी थांबून दुसरा आधार शोधायला हवा. जोशी थांबले नाहीत. ते युतीकडे वळले.

आता नगरकडे येऊ. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ मध्ये त्याचा पहिला हंगाम झाला. सावकार आणि खासगी साखर कंपन्या यांच्यापासून शेतकऱ्याला सोडवणारी ही घटना होती. शेतकऱ्यांनी आपखुशीने भांडवल जमवून काढलेली संस्था कोणत्याही स्वतंत्रतावाद्याला आक्षेपार्ह वाटू नये. काँग्रेसच्या १९५९ च्या नागपूर अधिवेशनातल्या सहकारी शेतीच्या ठरावाला विरोध म्हणून राजाजी, रंगा, मसानी यांचा स्वतंत्र पक्ष त्याच वर्षी निघाला. १९६७ मध्ये लोकसभेत त्याचे ४४ सदस्य होते, पण त्याचे बळ गुजरात, राजस्थान, ओरिसात होते. महाराष्ट्रात विरोधाची जागा तेव्हा संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने व्यापली होती, आणि ‘सहकार’ हा शब्द इथल्या शेतकऱ्याला जमीन गिळणारा वाटत नव्हता. तो त्याच्या उसाला भाव देणारा होता.

पुढे याच सहकारात सरकार शिरले. भागभांडवल, कर्जाची हमी, परवाना, लेव्ही हे सगळे सरकारच्या हाती होते. १९८४ च्या झोनबंदीने कोणत्या गावचा ऊस कोणत्या कारखान्याला जायचा हेही ठरवले. ती बंदी १९९७ मध्ये उठली, तरी दोन कारखान्यांमधल्या हवाई अंतराची अट राहिली. देशात १५ किलोमीटर, महाराष्ट्रात ती २५ झाली. ऊस तोडल्यावर तासातासाने वजन आणि उतारा घटतो. त्यामुळे अंतर वाढले की ‘दुसरीकडे घालतो’ म्हणण्याची शेतकऱ्याची ताकद कमी होते. शिवाय ऊस नेणारा, कर्ज देणारी सोसायटी, मुलगा शिकतो ते कॉलेज आणि निवडणुकीतला उमेदवार हे एकाच वर्तुळातले असले, तर मतपत्रिका कितीही गुप्त असो, मत मोकळे राहत नाही.

याचा पुरावा कायद्यातही आहे. सहकार कायद्यातल्या २०१३ च्या दुरुस्तीने ‘अक्रियाशील सभासद’ ही कल्पना आणली. संस्थेच्या सभेला न येणारा, उपविधीत ठरवलेली किमान सेवा न घेणारा सभासद त्या दुरुस्तीनुसार मतदानाला मुकू शकत होता. बेपत्ता सभासदांच्या नावावर सत्ता टिकवणे थांबावे, हा त्यामागचा हेतू समजण्यासारखा होता. पण साखर कारखान्याच्या बाबतीत त्याचा अर्थ असा निघू शकत होता, की जो नाराज होऊन ऊस दुसरीकडे घालेल त्याच्या हातून संचालक मंडळ बदलण्याचे साधनही जाईल. दुसरीकडे जाण्याचा हक्क आणि नकार नोंदवण्याचा हक्क येथे एकमेकांना बांधलेले होते. एक गेला की दुसराही धोक्यात येई.

म्हणून नगर जिल्ह्यात ‘तिसरा’ म्हणून जो उभा राहतो तो पुष्कळदा पहिल्याचाच भाऊबंद असतो. १९९१ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसचे यशवंतराव गडाख आणि अपक्ष बाळासाहेब विखे यांची लढत झाली. पुढे ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि निवडणूक कायद्याच्या अभ्यासात नेहमीची झाली. ती अटीतटीची होती, पण दोन विचारांची नव्हती. दोन्ही बाजू साखरेच्या आणि काँग्रेसच्याच मुशीतल्या होत्या.

खरा तिसरा प्रवाह या जिल्ह्यात होता तो डावा. लाल निशाण पक्षाचे दत्ता देशमुख, कम्युनिस्ट पी. बी. कडू पाटील ही नावे जुन्या वाचकांना आठवतील. स्वतंत्रतावादाच्या अभ्यासकाला सर्वात अडचणीत टाकणारी गोष्ट या प्रवाहाशीच जोडलेली आहे. ती म्हणजे खंडकऱ्यांचा लढा. इंग्रजी अमदानीत कालव्याच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी हरेगावच्या बेलापूर कंपनीसारख्या खासगी कारखान्यांना जमिनी खंडाने दिल्या होत्या. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने त्या कारखान्यांकडून काढल्या गेल्या, पण मूळ मालकाकडे परत आल्या नाहीत. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे त्या गेल्या. कंपनी गेली आणि तिच्या जागी सरकार आले. शेतकरी होता तिथेच राहिला. जमिनी परत मिळायला सुरुवात झाली ती २०१२ च्या सुमारास, म्हणजे सुमारे अर्ध्या शतकाने.

मालमत्तेच्या हक्काचा याहून स्वच्छ खटला महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही. आणि त्याचे दीर्घकाळ नेतृत्व केले ते मनमाडचे कम्युनिस्ट माधवराव गायकवाड यांनी. मालमत्तेचा हक्क हा ज्यांच्या विचाराचा पाया, ते या लढ्याचा चेहरा झाले नाहीत. खासगी मालकीवर ज्यांचा तत्त्वतः विश्वास नाही, ते झाले. यात मला विनोद दिसत नाही, धडा दिसतो. हरणाऱ्या बाजूला वर्षानुवर्षे उभे कसे राहायचे, याची शिस्त डाव्यांकडे होती. निवडून आलो नाही तरी मोर्चा काढायचा, कोर्टात जायचे, पुढच्या निवडणुकीत पुन्हा तेच म्हणायचे. स्वतंत्रतावाद्यांकडे सिद्धान्त अधिक नेमका होता, चिकाटी मात्र कमी पडली.

यावर एक रास्त आक्षेप येईल: व्यवस्थेनेच तिसऱ्याची वाट बंद केली आहे. त्यात तथ्य आहे. १९८९ पासून नोंदणी करणाऱ्या प्रत्येक पक्षाला समाजवादावरही निष्ठा लिहून द्यावी लागते. ज्याला समाजवाद मान्य नाही त्याने आधी खोटे लिहायचे आणि मग प्रामाणिक राजकारण करायचे, असा हा प्रकार आहे. स्वतंत्र पक्षाच्या महाराष्ट्रातल्या अनुयायांनी त्याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हानही दिले. पण ही अट मत देणाऱ्याला अडवत नाही. उलट कायद्यात तिसऱ्या मताला दिसते त्याहून अधिक किंमत आहे. एक षष्ठांशाहून अधिक वैध मते मिळाली तर अनामत वाचते. २०११ च्या बदलानंतर राज्यात आठ टक्के वैध मते मिळवणाऱ्या पक्षाला एकही जागा नसताना राज्य पक्षाची मान्यता, म्हणजे कायमचे चिन्ह, मिळू शकते. अमेरिकेत लिबर्टेरियन पक्ष १९७१ पासून उभा आहे. २०१६ मध्ये त्याच्या गॅरी जॉन्सन यांना सुमारे ४५ लाख मते पडली. सत्ता दूरच राहिली, पण ही मते मोजली गेली आणि दोन्ही मोठ्या पक्षांना ती दिसली.

आपल्याकडचे ताजे उदाहरण शिर्डीचे आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत भाऊसाहेब वाकचौरे सुमारे ५० हजारांच्या फरकाने जिंकले आणि वंचित बहुजन आघाडीच्या उत्कर्षा रूपवते यांना सुमारे ९० हजार मते मिळाली. फरकाहून तिसऱ्याची मते अधिक असली की ‘मतविभागणी’ हा शब्द लगेच येतो, जणू ती मते आधी कोणाच्या तरी मालकीची होती आणि कोणी चोरली. मते फुटली, खाल्ली, पाडली या आपल्या क्रियापदांमध्ये मतदार कुठेच नाही. ज्या स्वतंत्रतावादाने शेतकऱ्याला ‘तुझा माल तुझा आहे’ हे शिकवले, त्याने ‘तुझे मतही तुझेच आहे, ते कोणाच्या खात्यातून वजा होत नाही’ हे शिकवायला हवे होते. लातूर ग्रामीणमध्ये २०१९ च्या विधानसभेला ‘नोटा’ दुसऱ्या क्रमांकावर होता, २७ हजारांहून अधिक मतांनी. तेवढ्या माणसांना नकार नोंदवायचा होता आणि त्या नकाराला द्यायला विचार असलेला उमेदवार त्यांच्यापुढे नव्हता.

तर मोल कशात आहे? माझ्या मते तिसरे मत ही नकाराची नोंद आहे, आणि नकाराची ताकद ही बाजारात आणि निवडणुकीत एकच आहे. चार शेतकऱ्यांनी ऊस दुसरीकडे घातला म्हणून कारखाना बंद पडत नाही, पण पुढच्या हंगामाचा भाव ठरवताना त्या चौघांची आठवण ठेवावी लागते. अट एकच: पुढच्या हंगामातही ते नाही म्हणू शकतात, असा धाक हवा. तिसरे मतही एका निवडणुकीत निष्फळ असते. सलग चार निवडणुकांत ते टिकले तर पहिल्या दोघांच्या जाहीरनाम्यात शिरते. स्वतंत्र भारत पक्षाचा मतदार एकदा या चिन्हाकडे, एकदा त्या युतीकडे पाठवला गेला, आणि त्याच्या नकाराचा हिशेब कधी साठलाच नाही.

शरद जोशींच्या अर्थविचाराचे ऋण मोठे आहे. १९९१ नंतरच्या महाराष्ट्रात शेतकऱ्याच्या बाजूने खुल्या व्यवस्थेचे समर्थन करण्याचे धैर्य त्यांच्याइतके कोणी दाखवले नाही, आणि अमर हबीब यांच्या किसानपुत्र आंदोलनासारखे प्रयत्न कमाल जमीनधारणा, आवश्यक वस्तू कायदा यांविरुद्ध तोच धागा आज पुढे नेत आहेत. या नव्या मंडळींनी पूर्वसुरींकडून भावाचे गणित जरूर घ्यावे. मताचे गणित मात्र १८६ विरुद्ध एक या नोंदीतून नव्याने मांडावे. आणि त्याची सुरुवात विधानसभेपासून करू नये. कारखान्याच्या, सोसायटीच्या, बाजार समितीच्या निवडणुकीत, जिथे ‘बिनविरोध’ हा शब्द अभिमानाने छापला जातो, तिथे एक तिसरे पॅनेल उभे करून पडण्याची तयारी ठेवावी. पडलेल्या पॅनेलला मिळालेली मते हा त्या गावातल्या स्वातंत्र्याचा पहिला लेखी पुरावा असेल.