हात लावलेली गाडी

जानेवारी २०२३ मध्ये, चिबा प्रांतातल्या माकुहारी मेस्सेच्या अवाढव्य दालनांत भरलेल्या टोकियो ऑटो सलॉन या प्रदर्शनात 'लिबर्टी वॉक' या गाड्यांची रूपं बदलणाऱ्या जपानी कंपनीने एक फेरारी एफ-४० मांडली. तिची मूळ मडगार्डं कापून त्यांवर रुंद, फुगीर कमानी चढवलेल्या होत्या. एफ-४० ही एन्झो फेरारी यांच्या हयातीत सादर झालेली अखेरची नवी फेरारी. जगात तेराशेच्या आसपासच तयार झाल्या आणि ज्यांच्याकडे आहेत ते तिच्यावर बोट उमटू देत नाहीत. 'लिबर्टी वॉक'च्या वाटारू काटो यांनी तिला करवत लावली. त्यानंतर मोटारवेड्यांच्या जगात जो गदारोळ उठला तो पाहता, काटोंनी एखाद्या जुन्या देवळाचा कळस उतरवून ठेवला की काय असं वाटावं.

काटोंना हे नवं नव्हतं. लॅम्बोर्गिनी आणि फेरारींची मडगार्डं ते कित्येक वर्षं कापत आले आहेत. कमानीची ही तऱ्हा त्यांनी इटलीतून उचललेली नाही. १९७०-८० च्या दशकांत जपानमधली पोरं जुन्या निस्सान स्कायलाइन जमिनीला घासतील इतक्या खाली पाडत, शर्यतीच्या गाड्यांची नक्कल करत रुंद कमानी ठोकत आणि बोल्टची डोकी मुद्दाम उघडी ठेवत. गावगुंडांची म्हणून हिणवली गेलेली ही शैली तरुण काटोंच्या डोळ्यांत भरली होती. पुढे ती त्यांनी कोट्यवधींच्या गाडीवर चढवली. गाडी आवडो न आवडो, ती कोणाच्या आवडीची आहे हे विचारावं लागत नाही.

आयात केलेली गाडी स्वतःच्या हाताने स्वतःची करून घेण्याच्या या कलेची आज तब्येत कशी आहे? कारागिरी कधी नव्हे इतकी सफाईदार आहे, सुटे भाग जगात कुठेही मिळतात, पैसा तर मुबलकच आहे. रोडावली आहे ती हात लावण्याची छाती. हौसेला मोल नसतं असं आपण म्हणतो; या हौसेला मात्र लिलावात भाव आला आणि तिथून तिचं बिनसलं.

जपानमध्ये आयात गाडी म्हणजे फेरारी, पोर्शे. पॅसिफिकच्या पलीकडे, लॉस एंजेलिसमध्ये, आयात गाडी म्हणजे होंडा सिव्हिक. आज जगभर जिला इम्पोर्ट सीन म्हणतात ती दुनिया तिथेच उभी राहिली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस गार्डिना, टॉरन्स अशा उपनगरांत जपानी, चिनी, फिलिपिनो, कोरियन घरांतल्या मुलांच्या हाती आई-वडिलांची जुनी सिव्हिक येई. अमेरिकी मोटारशौकाचा राजमार्ग मोठ्या व्ही-८ इंजिनांचा होता. तिथे या मुलांना मान नव्हता, आणि तशी गाडी घ्यायला पैसाही नव्हता. १९९० मध्ये फ्रँक चोई यांनी पामडेलच्या लॉस एंजेलिस काउंटी रेसवेवर 'बॅटल ऑफ द इम्पोर्ट्स' भरवली, तेव्हा रस्त्यावर चोरून चालणाऱ्या चुरशीला पहिल्यांदा अधिकृत धावपट्टी मिळाली.

त्या काळातली खरी गंमत इंजिनाच्या अदलाबदलीत होती. जपानमध्ये खासगी गाडीला 'शाकेन' नावाची सक्तीची तपासणी असते. नव्या गाडीला तीन वर्षांनी, पुढे दर दोन वर्षांनी. खर्च इतका, की अनेक मालक धडधाकट गाडी काढून टाकणं पसंत करतात. या गाड्यांची इंजिनं, कधी अख्खा पुढचा अर्धा भाग कापून, कंटेनरमधून कॅलिफोर्नियाला पोचू लागली. त्यांत होंडाचं बी-१६-ए हे इंजिन होतं. १९८९ मध्ये इंटेग्रात आलेलं, फक्त १६०० सीसीचं, पण १६० अश्वशक्तीचं. टर्बो नसताना लिटरमागे शंभर अश्वशक्ती ही तेव्हा रस्त्यावरच्या गाडीसाठी विलक्षण गोष्ट होती. मेख होती व्हीटेक या यंत्रणेत. कॅमशाफ्टवर दोन तऱ्हांचे उंचवटे. शहरात रांगताना बेताचे, आणि फेऱ्यांचा काटा मिनिटाला साडेपाच हजारांच्या आसपास गेला की तेलाच्या दाबाने एक खुंटी सरकून उंच, आडदांड उंचवटे कामाला लागतात. इंजिनाचा आवाज तिथे एकदम फुटतो. १९९२ ते १९९५ च्या सिव्हिकचा सांगाडा पुढच्या इंटेग्राचा सख्खा भाऊ असल्याने इंटेग्राचे माउंट, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल तिला बसत. चार मित्र, इंजिन उचलायला एक भाड्याची घोडी आणि घरामागचं गॅरेज, एवढ्या भांडवलावर हजार किलोच्या आसपास वजनाची घरगुती हॅचबॅक बापाच्या वयाच्या व्ही-८ गाड्यांना घाम फोडायची.

इथे शैली गरजेतून आली. मागची सीट काढली, कारण वजन कमी हवं. स्प्रिंगा आखूड, कारण वळणावर गाडी कलायला नको. मग हळूहळू त्या गरजांचा डौल झाला आणि डौलाचे नियम झाले. जपानी बाजारातले एकसंध हेडलॅम्प, जपानी नमुन्याचा बंपर, तात्सुरू इचिशिमा यांच्या 'स्पून स्पोर्ट्स'चे निळे ब्रेक-कॅलिपर, हिरोतोशी होंडांच्या 'मुगेन'ची चाकं. ज्या जपानला यांतल्या अनेकांनी पाहिलंही नव्हतं, त्या जपानशी तंतोतंत इमान राखणं ही प्रतिष्ठेची बाब झाली. हा सगळा खटाटोप वरवर नकलेचा वाटतो. पण शाळेत ज्यांना 'तुम्ही मूळचे कुठले' हे रोज ऐकावं लागत असेल, त्यांनी गाडीच्या बंपरवर त्याचं उत्तर अभिमानाने लिहिलं, तर त्याला केवळ नक्कल म्हणणं अन्यायाचं होईल.

मग २००१ मध्ये 'द फास्ट अँड द फ्युरियस' हा चित्रपट आला. त्याची बीजं 'व्हाइब' मासिकातल्या, न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरील शर्यतींवरच्या १९९८ च्या लेखात होती. पडद्यावर सगळं लॉस एंजेलिसला हललं आणि भडक झालं. नारिंगी सुप्रा, हिरवी एक्लिप्स, गाडीखाली निऑन, अंगभर चितारलेली चित्रं. पुढची काही वर्षं या कलेचा चैत्र होता आणि शिमगाही. ज्यांनी कधी स्पार्क प्लगही बदलला नव्हता त्यांनी डिकीत टीव्ही बसवले, नुसत्या दिखाव्याचे पंख लावले. त्या काळाला आज सगळेच हसतात. हसण्यासारखं पुष्कळ आहे, तरी त्या भडकपणात एक निर्भयता होती, जी आजच्या राखाडी रंगाच्या, अदबशीर गाड्यांत सापडत नाही. अक्षम्य गोष्ट वेगळीच: प्रदर्शनांत बॉनेटला टेकवून उभ्या केलेल्या मुली. आशियाई मुलांना अमेरिकेत नजरेत आणणाऱ्या या दुनियेने आशियाई मुलींना शोभेची वस्तू करून ठेवलं. ड्रॅग शर्यतींत लिसा कुबोसारखी चालक धावत होती, पण ती अपवाद म्हणूनच ओळखली गेली. रस्त्यावरच्या बेकायदा शर्यतींत माणसं मेली, तीही या हौसेच्या खात्यावर लिहावी लागतात.

भाव कसा आला, ही गोष्ट थोडी कायद्याची आहे. युरोपातून परस्पर येणाऱ्या महागड्या गाड्यांना आळा घालायला अमेरिकेने १९८८ मध्ये कायदा केला. त्याचा आजचा व्यवहारातला अर्थ असा, की अमेरिकी सुरक्षा-निकषांत न बसणारी गाडी पंचवीस वर्षांची झाल्यावरच सहज आणता येते. त्यामुळे निस्सान स्कायलाइन जीटी-आरची १९८९ ची पिढी २०१४ मध्ये खुली झाली, आणि १९९९ मधली आर-३४ थेट २०२४ च्या जानेवारीत. पंचवीस वर्षं खेळ आणि चित्रपटांतून जिची आस लावली ती गाडी हाती येईस्तोवर आस लागलेली पोरं चाळिशीची झाली होती, आणि खिशात पैसे होते. 'फास्ट अँड फ्युरियस' मालिकेच्या पहिल्या दोन चित्रपटांत वापरलेली सुप्रा २०२१ मध्ये लिलावात साडेपाच लाख डॉलरला गेली. चौथ्या चित्रपटातल्या निळ्या आर-३४ ने २०२३ मध्ये साडेतेरा लाखांचा टप्पा ओलांडला.

या दोन्ही हात लावलेल्या गाड्या, पण त्यांचं मोल ताऱ्याच्या स्पर्शाचं आहे. एरवीचा बाजार उलट बोलतो. १९९७ मध्ये अमेरिकेत आलेली इंटेग्रा टाइप-आर नवी असताना चोवीस हजार डॉलरच्या आसपास पडे. दोन हजार किलोमीटरही न धावलेली अशी एक गाडी २०१८ मध्ये ६३,८०० डॉलरला विकली गेली आणि पुढे असे सौदे लाखाच्या वर गेले. अट एकच: स्क्रूसुद्धा कारखान्यातला हवा. म्हणजे ज्या गाडीची कीर्ती तिला उघडून, कापून, पळवून झाली, तिची किंमत आता न उघडण्यात आहे. मालक मूळ सायलेन्सर खोक्यात जपून ठेवतात आणि रंगाची जाडी मोजणाऱ्या यंत्राला भितात. 'सुपर स्ट्रीट' हे १९९६ मध्ये निघालेलं मासिक २०१९ च्या अखेरीस छापील रूपात बंद झालं. शौकिनांची भाषा आता शेअर बाजारातल्यासारखी आहे: 'भाव कुठे जाईल', 'कधी काढावी'.

उरलेल्या करवतींपैकी सर्वांत प्रसिद्ध करवत अकिरा नाकाई यांची. चिबातल्या 'राउ-वेल्ट बेग्रिफ'चे हे गृहस्थ मूळचे ड्रिफ्टिंगवाले, टोयोटा एई-८६ घसरवत घाट उतरणारे. त्यांनी जुन्या पोर्शे ९११ हाती घेतल्या, आणि आता जगभरचे मालक त्यांना विमानाने बोलावतात. काम पाहण्यासारखं असतं. टेपची एक पट्टी मडगार्डवर चिकटवतात, मार्करने रेघ मारतात आणि हवेवर चालणारी करवत थेट पत्र्यात उतरवतात. साचा नाही, संगणक नाही. नवी कमान हाताने धरायची, दोन पावलं मागे जायचं, बघायचं, परत येऊन बोटभर सरकवायचं. बसली की कडेने काळं सीलंट भरून ते बोटाने निपटायचं. मध्येच सिगारेट. दोन-तीन दिवसांत गाडी उभी राहते आणि तिला नाकाई एक नाव देतात. जवळून पाहिलं तर सीलंटची रेघ किंचित वाकडी असते, आणि त्या वाकडेपणासाठीच लोक पैसे मोजतात.

पण शेवटी ती शैली कोणाची? मालकाच्या अंगणात उभी राहते ती नाकाईंची गाडी. रांगेत दहा उभ्या केल्या तर रंग आणि नाव सोडून ओळखू येण्यासारखं थोडंच उरतं. क्योटोच्या केई मिउरा यांनी तर गाडी स्कॅन करून, संगणकावर आखून 'रॉकेट बनी'ची किटं जगभर पोचवली. त्यांची रेषा सुरेख आहे यात वाद नाही. मात्र २०१२ मध्ये आलेल्या टोयोटा ८६ वर ते किट इतक्या वेळा दिसलं, की काही वर्षांत बंडखोरीचा गणवेश तयार झाला. चाकं वरून आत कलवून गाडी पोटावर बसवण्याच्या फॅशनचंही तेच. मिलिमीटरचा हिशेब बिनचूक, टायर मात्र आतल्या कडेने झिजून चाललेला, आणि मालकाला त्याचं काही वाटत नाही कारण शेजारच्याचाही तसाच आहे.

महाराष्ट्रात ही कला दुरूनच आली. जुन्या आयात गाडीला आपल्याकडे दारच बंद आहे. तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी आणता येत नाही, आणि जी आणता येते तिच्यावरचं शुल्क गाडीच्या किमतीच्याही वर जातं. जपानसारखंच उजवीकडे स्टिअरिंग असूनही जपानच्या जुन्या बाजाराचा आपल्याला उपयोग नाही. म्हणून मुंबई-पुण्याच्या हौशींनी इथे विकलेल्या जपानी गाड्यांवर हात साफ केला. लाडकी होती २००० च्या सुमारास आलेली १०६ अश्वशक्तीची होंडा सिटी व्हीटेक, सिव्हिकच्याच जुन्या सांगाड्यावर बेतलेली. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ स्पष्ट केला: उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल चालणार नाही. रंग बदला, पण आरटीओत नोंद करून. काळ्या धुराच्या आणि कर्कश सायलेन्सरच्या शहरात या निकालाबद्दल हळहळणारे कमीच निघाले. जपानने मात्र १९९५ च्या सुमारास किरकोळ बदलांचे नियम सैल करून, काय चालेल आणि काय नाही हे तपासणीवर सोपवलं. सुरक्षिततेचा प्रश्न तपासून सुटतो की सरसकट मनाईने, याची इथे अजून नीट चर्चाही झालेली नाही.

आजच्या घडीला जिवंत काम पाहायचं तर स्वस्त गाडीकडे वळावं लागतं. टोकियो ऑटो सलॉनमध्ये दरवर्षी नॅट्स या मोटार महाविद्यालयाचे विद्यार्थी स्वतः पत्रा ठोकून बनवलेल्या गाड्या आणतात. काही हास्यास्पद असतात, काही थक्क करतात, पण किट उघडून जोडल्यासारखी एखादीच दिसते. अमेरिकेत सध्या धमाल चालली आहे ती जपानी केई ट्रकांवर. ६६० सीसी, जास्तीत जास्त ६४ अश्वशक्ती, आपल्या छोट्या टेम्पोएवढा आकार. पंचवीस वर्षं उलटली की हे ट्रक कंटेनरने येतात, आणि त्यांना जपून ठेवण्याचा कोणाला धाक नाही. कोणी त्यावर लाकडी खोली बांधतो, कोणी चिखलाची चाकं चढवतो, कोणी घाटातल्या शर्यतीची गाडी करतो. काही राज्यांनी असुरक्षित म्हणून त्यांची नोंदणी नाकारली तेव्हा मालक एकत्र येऊन विधिमंडळांपर्यंत गेले. टेक्सासने २०२४ मध्ये नोंदणी पुन्हा सुरू केली. इतर काही राज्यांत भांडण अजून चालू आहे.