कपाट कोणाचे, नोंद कोणाची?

गेल्या वर्षी एका शाळेत विज्ञानशिक्षकांसाठी दोन दिवसांची कार्यशाळा घेत होतो. पाणी निवताना दर मिनिटाला घेतलेल्या तापमानांचा आलेख पायथन या संगणकभाषेत काढायचा, एवढाच बेत होता. संगणकांवर लिनक्सचे डेबियन हे वितरण होते. आलेखासाठी मॅटप्लॉटलिब ही लायब्ररी, म्हणजे तयार आज्ञावलींचा संच, लागते. ती आणण्यासाठी मी फळ्यावर नेहमीची आज्ञा लिहिली : पिप इन्स्टॉल मॅटप्लॉटलिब. सगळ्या पडद्यांवर एकदमच नकार उमटला. या पायथनची व्यवस्था बाहेरून पाहिली जाते, तेव्हा येथे परस्पर काही बसवता येणार नाही, अशा अर्थाचा तो दहा-बारा ओळींचा मजकूर होता. शेवटी शेवटी त्यातच एक पळवाटही सांगितली होती. आज्ञेला ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ अशी पुस्ती जोडली की नकार मिळत नाही. मात्र प्रणाली मोडली तर दोष तुमचा. मदतीला आलेल्या दहावीच्या एका मुलाने ती नेमकी हेरली आणि पाच मिनिटांत ती सर्व बाकांवर पोहोचली. आलेख निघाले. काहीही मोडले नाही.

काहीही मोडले नाही, हेच मला खटकत राहिले. ‘मी प्रणाली मोडतो आहे’ असे शब्दशः लिहून दिल्यावर काम होते, हा धडा पंधरा शिक्षक त्या दिवशी घरी घेऊन गेले. ज्या नियमामुळे हा नकार येतो तो नियम चुकीचा आहे काय? माझे मत असे, की नियमामागचा विचार बरोबर आहे, पण तो ज्या रीतीने अमलात आणला गेला ती रीत अर्धवट आहे. हे पटवून देण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

प्रयोगशाळेचे कपाट डोळ्यांसमोर आणा. त्यातील प्रत्येक बाटलीची, प्रत्येक भिंगाची नोंद डेडस्टॉक रजिस्टरमध्ये असते. लिनक्सच्या वितरणातही असेच एक रजिस्टर असते. डेबियन किंवा फेडोरा जी आज्ञावली बसवते तिच्या प्रत्येक फाइलची नोंद ठेवते आणि पुढे अद्ययावत करताना किंवा काढून टाकताना त्या नोंदीवर विसंबते. पायथनचा स्वतःचा ‘पिप’ हा सेवक मात्र या रजिस्टरकडे पाहत नाही. तो जगभरच्या सामायिक भांडारातून हवी ती लायब्ररी आणतो आणि कपाटात ठेवतो. तेथे त्याच नावाची जुनी बाटली असेल तर तिच्या जागी नवी ठेवतो. रजिस्टरात जुनीच नोंद, कपाटात नवे द्रावण!

एखाद्या लायब्ररीने एवढे काय बिघडते, असे कोणी विचारील. अडचण अशी, की वितरणांची स्वतःची कामेही पायथनवर चालतात. फेडोराची संगणकावर प्रथम बसवण्याची आज्ञावली पायथनमध्ये आहे. उबुंटूमधील अद्ययावत करण्याची खिडकी पायथनमध्ये आहे, बाहेरच्या जोडण्या रोखणारी ‘यूएफडब्ल्यू’ही पायथनमध्येच आहे. मुलाच्या खेळासाठी बदललेली बाटली मुख्याध्यापकांच्या चहात पडण्याचा संभव असतो, तो असा.

मग कोणती वस्तू कोठे ठेवायची याचा काही नियम आहे की नाही? आहे. फेब्रुवारी १९९४ मध्ये लिनक्ससाठी डिरेक्टऱ्यांच्या मांडणीचे पहिले मानक प्रसिद्ध झाले. त्याचाच पुढचा अवतार ‘फाइलसिस्टिम हायरार्की स्टँडर्ड’ या नावाने ओळखला जातो. त्याची २.३ ही आवृत्ती २००४ मधली, ३.० ही जून २०१५ मधली. हा दस्तऐवज शिक्षकांनी एकदा चाळावा असाच आहे. भाषा कोरडी असली तरी विचार स्वच्छ आहे. एका संगणकापुरते काय आणि अनेकांना वाटून घेता येईल असे काय, स्थिर काय आणि बदलते काय, या दोन प्रश्नांवर सारी मांडणी उभी केली आहे. वर्गीकरणाचा धडा म्हणूनही तो चांगला आहे.

पण पायथनच्या लायब्ऱ्यांचा पत्ता शोधायला जावे तर हा दस्तऐवज हात आखडता घेतो. पर्ल, पायथन यांसारख्या भाषांच्या दुभाष्यांची जागा त्याने सांगितली आहे, कारण आज्ञावलीच्या पहिल्याच ओळीत दुभाष्याचा पूर्ण पत्ता लिहावा लागतो आणि तो संगणकागणिक बदलून चालत नाही. लायब्ऱ्यांविषयी मात्र एवढेच, की एखादी आज्ञावली ‘/यूएसआर/लिब’खाली आपली एक उपडिरेक्टरी करू शकते. पर्लचे नाव येते तेही उदाहरणापुरते. त्या उपडिरेक्टरीच्या आत वितरणाचा माल कोणता, संगणकाच्या मालकाने स्वतः आणलेला कोणता, याची वाटणी नाही.

याच दस्तऐवजात ‘/यूएसआर/लोकल’ असा एक कप्पा आहे. तो संगणकाच्या व्यवस्थापकाचा. वितरण अद्ययावत झाले तरी या कप्प्यातील वस्तूंवर काही लिहिले जाता कामा नये, असा स्पष्ट नियम आहे. माझ्या मते साऱ्या घोळाचे मूळ या नियमाच्या एकांगीपणात आहे. मालकाच्या वस्तूंना वितरणापासून संरक्षण मिळाले. वितरणाच्या वस्तूंना मालकाच्या वस्तूंपासून संरक्षण हवे असेल, हे कोणाच्या ध्यानी आले नाही. त्या काळी ते साहजिकही होते. ‘/यूएसआर/लोकल’मध्ये एखादी स्वतंत्र आज्ञावली ठेवली तर ती आपल्या जागी पडून राही, बोलावल्याखेरीज कोणाच्या वाटेत येत नसे.

भाषेच्या लायब्ऱ्यांचे तसे नाही. आज्ञावलीत लायब्ररीचे नाव आले की पायथन डिरेक्टऱ्यांची एक यादी क्रमाने धुंडाळतो आणि जेथे ते नाव पहिल्यांदा सापडेल तेथेच थांबतो. डेबियनमध्ये या यादीत ‘/यूएसआर/लोकल’मधील कप्पा वितरणाच्या कप्प्याच्या आधी येतो. एकाच नावाची लायब्ररी दोन्हीकडे असेल तर मालकाने आणलेली उचलली जाते. मालकाच्या आज्ञावलीसाठी हे योग्यच आहे, पण वितरणाच्या आज्ञावल्यांनाही तीच मिळते. जुनी फाइल जागेवर शाबूत, रजिस्टरही बरोबर, आणि तरीही काम नव्याच बाटलीने चाललेले. जागा वेगळी केली म्हणून प्रभाव वेगळा होत नाही, ही गोष्ट या वादात फार थोड्यांनी नीट पाहिली.

डेबियनने जागेचा प्रश्न मात्र आपल्या परीने सोडवला होता. पायथनच्या मूळ रचनेत बाहेरून आणलेल्या लायब्ऱ्यांच्या डिरेक्टरीचे नाव ‘साइट-पॅकेजेस’. एखाद्याने मूळ पायथन स्वतः बांधून ‘/यूएसआर/लोकल’मध्ये बसवले, तर त्याच्या लायब्ऱ्या तेथील साइट-पॅकेजेसमध्ये जाणार. डेबियनच्या पायथनसाठी मालकाने आणलेल्या लायब्ऱ्याही तेथेच गेल्या तर दोन वेगळ्या पायथनांचा माल एकाच फळीवर येणार. म्हणून पायथन २.६ पासून डेबियनने आपल्या पायथनसाठी ‘डिस्ट-पॅकेजेस’ हे निराळे नाव घेतले. विचार अचूक होता, पण नावाने घात केला. डिस्ट म्हणजे डिस्ट्रिब्यूशन, म्हणजे वितरणाचा माल, असे कोणालाही वाटेल. आणि ‘/यूएसआर/लोकल’खाली मालकाच्या मालाच्या डिरेक्टरीलाही डेबियनने डिस्ट-पॅकेजेसच म्हटले! जगातील बहुतेक पुस्तके साइट-पॅकेजेस सांगतात, डेबियनवर शिकणारा विद्यार्थी ते शोधतो आणि त्याला ते सापडत नाही. फेडोराने मूळ नाव ठेवले, पण आवृत्तीगणिक वेगळी डिरेक्टरी केली आणि यंत्रावर अवलंबून असलेल्या लायब्ऱ्यांसाठी ‘लिब६४’ असा आणखी एक फाटा काढला. २०१७ मधील फेडोरा २७ पासून व्यवस्थापकाने पिपने आणलेला माल तेथेही ‘/यूएसआर/लोकल’कडे वळवला गेला. एकाच रोगावर दोन वैद्यांनी एकमेकांना न विचारता दिलेली औषधे म्हणावीत अशी ही स्थिती.

दोष केवळ वितरणांचा नाही. पर्लने आपल्याच रचनेत तीन कप्पे ठेवले : भाषेबरोबर येणारे, विक्रेत्याचे म्हणजे वितरणाचे, आणि त्या ठिकाणचे. रूबीतही विक्रेत्याचा कप्पा वेगळा आहे. पायथनने तो ठेवला नाही. वितरणांना आपापली ठिगळे लावावी लागली, आणि त्या ठिगळांचा रंग जुळत नाही अशी तक्रार पुन्हा पायथनवाल्यांनीच केली. पुष्कळ उशिरा, २०२१ मधील ३.१० या आवृत्तीपासून, ही मांडणी बदलण्याची अधिकृत सोय वितरणांना मिळाली.

आता त्या नकाराकडे वळू. तो येतो ‘पायथन सुधारणा प्रस्ताव क्रमांक ६६८’ या दस्तऐवजामुळे. २०२१ मध्ये मांडलेल्या या प्रस्तावाच्या लेखकांत वितरणांची माणसे आहेत तशी पिपचीही आहेत, आणि दोन्ही घरांनी एका टेबलावर बसणे ही त्याची खरी कमाई आहे. उपाय अगदी साधा. वितरणाने पायथनच्या डिरेक्टरीत एका ठरावीक नावाची फाइल ठेवायची. ती दिसली की पिपने तेथे काही बसवण्यास नकार द्यायचा आणि त्या फाइलमधील मजकूर दाखवायचा. जानेवारी २०२३ च्या पिप २३.० मध्ये ही सोय आली. एप्रिलमधील उबुंटू २३.०४ ने आणि जूनमधील डेबियन १२ ने तो फलक लावला.

प्रस्ताव बारकाईने वाचला की त्याची मर्यादा दिसते. फलकाचा मान राखणे पिपवर बंधनकारक आहे. वितरणाचा आणि मालकाचा कप्पा वेगळा करा, हे मात्र शिफारशींच्या भागात टाकले आहे आणि तो भाग बंधनकारक नाही असे तेथेच लिहिले आहे. म्हणजे मुख्य रोगावर शिफारस आणि लक्षणावर नियम. वितरणाच्या आज्ञावल्यांनी केवळ वितरणाच्याच कप्प्यात पाहावे, अशी व्यवस्था झाली असती तर मालकाने आपल्या कप्प्यात काहीही आणून ठेवले तरी बिघडले नसते आणि फलकाची गरजच फारशी उरली नसती.

घरच्या डिरेक्टरीबाबतची तक्रार मला अनेकांनी ऐकवली आहे. पायथनमध्ये माल वापरणाऱ्याच्या स्वतःच्या घरात ठेवण्याची सोय २००८ पासून आहे, मग तेथेही मनाई का? माझ्या घरात मी काय ठेवावे हे डेबियनने का सांगावे? तक्रार रास्त वाटते, पण मी येथे प्रस्तावाच्या बाजूने आहे. घरातील कप्पा धुंडाळण्याच्या यादीत आणखी वरचा. मी वितरणाची कोणतीही पायथन आज्ञावली चालवली तर तीही आधी माझ्या घरात पाहणार, तिने स्वतःहून ते टाळलेले नसेल तर. घर माझे असले तरी त्याची खिडकी सार्वजनिक ओसरीत उघडते.

फलकावरील मजकूर मात्र शिकणाऱ्याला डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेला नाही. डेबियनचा मजकूर आधी सांगतो, की ‘पायथन३-’ या शब्दापुढे लायब्ररीचे नाव लावून ती ‘एपीटी’कडून, म्हणजे वितरणाच्याच भांडारातून घ्या. सल्ला उत्तम, पण नावे नेहमी जुळत नाहीत. चित्रांवर काम करणारी लायब्ररी पिपकडे पिलो, आज्ञावलीत पीआयएल, आणि एपीटीकडे पायथन३-पीआयएल. नवख्याने हे कसे ओळखावे? दुसरा सल्ला आभासी परिसर तयार करण्याचा. हा परिसर म्हणजे प्रत्येक कामासाठी वेगळे छोटे कपाट. त्यात काहीही ठेवा, मोडले तर कपाट टाकून द्या. मोठ्या कामांना मी स्वतः तेच वापरतो. परंतु डेबियनमध्ये ते कपाट बनवण्याचे सामानच वेगळे बसवावे लागते. फलक तेही सांगतो, पण सल्ल्याच्या शेपटीला जोडलेल्या एका वाक्यात. त्यात प्रत्येक मुलाच्या प्रत्येक परिसरात मॅटप्लॉटलिब नव्याने उतरवायची म्हटली, तर शाळेच्या इंटरनेटवर अर्धा तास जातो. या साऱ्यातून पार होणाऱ्याला शेवटी एका ओळीची पळवाट दिसते. तो ती घेणार नाही तर काय करील?

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पिपने आणलेले सारे काढून टाकले. त्यालाही तीच पुस्ती लागते, ही गंमत शिक्षकांना फार आवडली. मग एपीटीकडून पायथन३-मॅटप्लॉटलिब घेतली. भांडारातील आवृत्ती थोडी जुनी होती. निवणाऱ्या पाण्याच्या आलेखात त्याने फरक पडला नाही. दहावीतल्या त्या मुलाने मात्र विचारले, की ही लायब्ररी नेमकी कोठे जाऊन बसली ते बघता येईल का. डीपीकेजी या रजिस्टराकडून आम्ही तिच्या फाइलींची यादी मागवली. पडदाभर ओळी सरकत गेल्या आणि जवळजवळ प्रत्येकीत डिस्ट-पॅकेजेस होते. ‘सर, पुस्तकात तर साइट आहे,’ तो म्हणाला, आणि पुढचा तास त्यातच गेला.