गुह्यता : आशयाची की लिपीची?

थिऑसॉफिकल सोसायटी न्यूयॉर्कमध्ये १८७५ साली स्थापन झाली आणि १८७९ मध्ये मुंबईत आली. ब्लाव्हाट्स्कींनी १८८८ मध्ये ‘द सीक्रेट डॉक्ट्रिन’ छापून गुह्य खुल्या बाजारात आणले. गुह्यता उरली ती केवळ नावात व परिभाषेत. विदर्भातील महानुभावांचा प्रवास नेमका उलटा आहे. सामान्य स्त्रियांनाही धर्म कळावा म्हणून नागदेवाचार्यांनी संस्कृतऐवजी मराठीचा आग्रह धरला. पुढे पंथाने तीच मराठी सांकेतिक सकळ लिपीत बंद केली. परिणामी विसाव्या शतकात लिपीचा उलगडा होईपर्यंत ‘लीळाचरित्र’ मराठी वाङ्मयेतिहासाबाहेर राहिले. तात्पर्य, गुह्यता हा आशयाचा धर्म नसून संहिता व वाचक यांच्यातील संबंधाचा धर्म होय. समीक्षेने आधी वाचनाचा अधिकार कोणाला होता, हे तपासले पाहिजे.